यादीत नसलेली भाची

घानातल्या कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा नातेवाईक नोंदवायचा प्रोग्राम सेरवाने लिहिला होता, आणि त्याचा तिला कोण अभिमान! आधी नात्याच्या रकान्यात कारकून वाट्टेल ते लिहीत. 'आमचा माणूस', 'चर्चमधली', एकाने तर नुसतंच 'होय'. सेरवाने सरळ यादीच बांधून टाकली: आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी. नातं तपासणाऱ्या फंक्शनला सातवं काही दिलं की ते दारातूनच परत. सुरुवातीला 'इतर' होतं, पण कंटाळलेले कारकून डोळे झाकून तेच दाबत, म्हणून तेही तिने काढलं.

हे सगळं तिने डोम्फेमामाला त्याच्याच गॅरेजात तळलेली केळी खाताखाता समजावलं होतं. तिला शिकवलं ते मामानेच.

"म्हणजे पान्यांचा सेट," मामा म्हणाला. "दहा, बारा, चौदा. आणि नट तेराचा निघाला तर?"

"तर तुझी गाडीच चुकीची."

मामा ठसका लागेपर्यंत हसला. "अगं शहाणे, तेव्हा बाराचा पाना घासून घ्यायचा असतो."

बुधवारी दुपारी मामा गॅरेजातच कोसळला, त्याला याच इस्पितळात आणलं. सेरवा धावतपळत अतिदक्षता विभागाशी पोचली. ज्याची नोंद, त्यालाच आत सोडायचं असा नियम. खिडकीत नोंदणीच्या कारकून आंटी फ्रेमा होत्या. नातं विचारलं, सेरवा म्हणाली भाची. आंटींनी यादी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"भाचीच नाही की गं इथं. कुणी दीडशहाण्याने केलंय हे?"

सेरवाने मान खाली घातली. कुमासीच्या अशांती लोकांमध्ये मूल आईच्या घराण्याचं. मामाची स्वतःची पोरंसुद्धा त्यांच्या आईच्या घरची, मामाच्या घराण्याची ती सेरवा. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण सेरवाने यादी उचलली होती पुस्तकातल्या उदाहरणातून, जशीच्या तशी.

"'मुलगी' म्हणून टाकते," आंटी हळूच म्हणाल्या. "जा, भेटून ये. कोण बघतंय?"

सेरवाला ते पटेना. खोटी नोंद, आणि तीही तिच्याच प्रोग्रामात? शिवाय मामा आता जरा स्थिर आहे, असं नर्स नुकतीच सांगून गेली होती. तिने बाकावरच लॅपटॉप उघडला. यादीत एक नातं वाढवायचं, काम एका ओळीचं. पण ती यादी तीन ठिकाणी वापरलेली, तिन्हीकडच्या चाचण्या पुन्हा चालवायच्या, वर साहेबांची मंजुरी हवी आणि साहेब जेवायला गेलेले. चाळीस मिनिटं गेली.

"आली गं भाची," आंटी खिडकीतून म्हणाल्या. त्यांनी सातवं नाव निवडलं, पास छापला.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. तिने सेरवाकडे पाहिलंच नाही, आंटींकडे पाहून मान हलवली. पास सेरवाच्या हातात अजून कोमट होता.

संध्याकाळी घराण्यातले वडीलधारे आले. देह कुणाच्या ताब्यात द्यायचा, हे नोंदवायला आंटींनी तोच प्रोग्राम उघडला. नातं: भाची. फंक्शनने निमूटपणे घेतलं. सेरवाने खाली सही केली.