वीणा गळ्यात, मुलाखत कानात

घाटघरच्या सप्ताहात यंदा बुवांनी फार गोड निरूपण केलं. "माझं-माझं सोडा, बाबांनो!" आम्हा सगळ्यांचे डोळे पाणावले. कीर्तन संपल्यावर बुवांना हार कोणी घालायचा यावरून दोन भावक्या एकमेकींच्या अंगावर धावल्या. मान ज्याचा त्याचा असतो.

गेणभाऊंची सून आरती नर्स. जर्मनीतल्या दवाखान्याची फोनवर व्हिडिओ मुलाखत व्हायची होती आणि गावात रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर. तिथं बसून ती घोकायची, "माइन फाटर, माइने मुटर..."

सासू झुंबरबाईंनी विचारलं, "हे काय गं?"

"माझा बाप, माझी आई. आपल्यावानीच हाय, आत्या. मालक गडी असला तर 'झाइन', म्हंजे त्याचं; बाई असली तर 'ईअर', तिचं. आन् वस्तू कंची, ते बघून शेपूट लावायचं."

"म्हंजे तिकडं बी वाटण्या हायेतच!"

मुलाखत आली ती नेमकी आरतीच्या वीणेच्या पहाऱ्यात. वीणा गळ्यात. सप्ताह उठेपर्यंत ती खाली टेकवायची नाही, पुढच्याच्या गळ्यात द्यायची.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या प्रयागबाईंना आरतीनं विचारलं, "प्रयागकाकू, घेता का जरा?"

"न्हाई बाई. माझा पहारा तुझ्यामागनं. तुझं पुण्य मी कशाला खाऊ?" काय ती निःस्पृहता!

फोन लागला. पडद्यावरची बाई जर्मनमध्ये म्हणाली, "ते वाद्य ठेवा, मग बोलू."

"ठेवता येत नाही."

"का? तुमचंच आहे ना?"

पाठ केलेले आईबाप राहिले बाजूला. आरती जर्मनमध्येच सांगत सुटली. माझं नाही, आमच्या गावाचं. माझ्या सासूचा पहारा पहाटे झाला, आता माझा, मग काकूंचा. त्यांनी हातात घेतल्याशिवाय मी सोडायची नाही. मध्येच 'ईअर'च्या जागी 'झाइन' घालून तिनं काकूंना पुरुष केलं, पण थांबली नाही.

बाई हसली. "आमच्या वॉर्डातही पुढची नर्स आल्याशिवाय पेशंट सोडत नाहीत. कधी येता?"

आरती रडायलाच लागली. "काकू, वीणेचंच सांगितलं आन् नोकरी लागली!" तेवढ्यात प्रयागबाईंनी पदर खोचून साऱ्या बायांना ऐकवलं, "बघा! मी तवा वीणा घेतली असती, तर पोर काय बोलली असती?"

आरतीनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि वाकून पाया पडली. म्हातारीचं म्हणणं खोटं तरी कुठं होतं?