पालकांनी लक्ष द्यावे

सकाळपासून उसाला पाणी द्यायला दारं धरून अनिता घरी आली तेव्हा तिचे पाय पोटरीपर्यंत काळे झाले होते. भीमेचं पाणी मोटरनं रानात येतं आणि पायांवर तेलकट थर ठेवून जातं. साबणाची अर्धी वडी झिजली तरी वास जात नाही, खाज तर जातच नाही. दारातल्या दगडावर ती पाय घासत बसली होती. तेवढ्यात चौथीतली समृद्धी शाळेतून आली आणि तिनं वही आईपुढं आदळली.

"तुझ्यामुळं चुकलं समदं. आता तुला न्हाई इचारणार अभ्यास."

वहीत तक्ता होता. वर मथळा, 'आपल्या परिसरातील पाण्याचे निरीक्षण करा', आणि खाली तीन रकाने, रंग, वास, चव. रविवारी अनिता खुरपं टाकून पोरीला नदीवर घेऊन गेली होती. निम्मी नदी जलपर्णीनं झाकलेली, उरलेल्या निम्मीत फेस, आणि काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडलेले. मायलेकींनी नाकाला पदर लावूनच निरीक्षण केलं. मग समृद्धीनं वळणदार अक्षरात लिहिलं : रंग काळा. वास मेलेल्या उंदराचा. चव आईने घेऊ दिली नाही.

तिन्हींवर लाल फुल्या मारल्या होत्या. खाली लाल शाईतच शेरा होता, 'पालकांनी लक्ष द्यावे', आणि पालकाच्या सहीसाठी एक रेघ ओढलेली.

अनिता सातवी शिकलेली. तिनं शेरा दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या वस्तीत पोरीचा हात धरून नदीवर गेलेली आई ही एकटीच, आणि लक्ष द्यावं म्हणे हिनं. बाकीच्यांनी गाईड उघडलं, उतरवून काढलं आणि बरोबरच्या खुणा घेऊन मोकळे झाले.

"कर की सही आन् सोड," गोठ्यातून तिचा नवरा जयसिंग म्हणाला. "मॅडमसंगं कुठं वाद घालती?"

"तुमची म्हस नदीच्या पाण्याला तोंड लावती का?"

"न्हाई लावत."

"मंग म्हशीला कळतंय त्ये मॅडमला का कळंना?"

जयसिंग वैरण टाकत राहिला.

दुसऱ्या दिवशी अनिता कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत नदीचं पाणी भरून शाळेत गेली. सोनम मॅडम शिरूरहून स्कूटीवर येत. नदीवरचा पूल लागला की स्कार्फ नाकावर घेत, आणि प्यायचं पाणी घरून आणत. त्यांनी बाटलीकडं पाहिलं आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

"अहो ताई, पाण्याला रंग, वास, चव काही नसतं. पुस्तकात स्वच्छ दिलंय."

"पुस्तकातल्या पाण्याला नसंल. तक्त्यात तर आपल्या परिसरातलं म्हणलंय."

"परीक्षेत हेच विचारणार. हे उंदीर-बिंदीर लिहिलं तर तिचेच मार्क जातील. मी तिच्या भल्याचंच सांगते."

अनितानं बाटलीचं झाकण काढलं. पुढच्या रांगेतली पोरं शी शी करत मागं पळाली. एकजण खिडकीशी जाऊन थुंकला. मॅडमनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला आणि रुमालाआडूनच समृद्धीला विचारलं, "सांग बाळा, पाण्याला वास असतो का?"

समृद्धीनं आईकडं पाहिलं. मग मॅडमच्या हातातल्या लाल पेनाकडं पाहिलं. फ्रॉकची कॉलर नाकावर ओढून ती म्हणाली, "नसतो, मॅडम."

"शाब्बास. ताई, झाकण लावा तेवढं. मुलांना मळमळायला लागलंय."

अनितानं झाकण लावलं. त्या पाण्याची किळस तिला रोजची होती. ही किळस निराळी होती आणि ती साबणानं जाणारी नव्हती.

शाळा सुटल्यावर ती पोरीला आणायला गेली. घरची वाट नदीकडेनंच होती. काठ जवळ आला तसा समृद्धीचा हात आपसूक नाकावर गेला.

"हात काढ," अनिता म्हणाली.

"का?"

"पाण्याला वास नसतो ना? मंग काढ की."

समृद्धीनं हात काढला. दोन श्वास घेतले आणि तिला ओकारी आली. डोळ्यांत पाणी आलं.

"येतोय," ती म्हणाली.

"किती?"

"लई."

"मंग मॅडमला न्हाई का म्हणलीस?"

"मार्क कटत्यात, आई."

अनिता बांधावर बसली आणि तिनं पोरीकडून वही नि पेन मागून घेतलं.

"पेपरात त्यांचं लिव. मार्क घे. मला मातर खरंच सांगत जा."

खाजऱ्या, भेगाळलेल्या बोटांत पेन नीट धरवत नव्हतं. शेऱ्याखालच्या रेघेवर तिनं सावकाश अक्षरं काढली, खाली सही केली. समृद्धीनं वाकून मोठ्यानं वाचलं, "लक्ष दिले आहे. वास येतो. अनिता जयसिंग."

"मॅडम फुली मारतील."

"मारू दी," अनिता म्हणाली. "हितं सही माझी हाय."