सोनेरी दाताचा काळा डाग

मित्रांनो, उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहरातली आमची सगळी गल्ली मला सोन्याचा दात म्हणायची. पण खरं सांगते, मी आहे दातावरची एक जुनी पोलादी कॅप. वरून फक्त सोनेरी मुलामा.

आमच्याकडे लग्न ठरलं की नवरीच्या धडधाकट दातावरही सोनं चढवतात. नवरदेव एर्गशने आपल्या नवरीसाठी, माव्जुदासाठी, मला करवून घेतलं आणि मी पोलादाची आहे हे मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लग्नात बायका चिडवत होत्या, "हास की गं, आमचेही डोळे दिपू देत!" ती हसली आणि मी ऐटीत चमकले.

पुढे वर्षानुवर्षं नान चावून मुलामा फिका पडला. माझ्याकडे कुणी पाहीना. अशात माव्जुदाला अंधुक दिसू लागलं. डोळ्यांमागे काही वाढतंय का, ते लवकर पाहायला हवं, नाहीतर दृष्टी जाईल, असं सांगून डॉक्टरांनी तिला एमआरआयला पाठवलं.

"आपा, तोंडात लोखंड, पोलाद काही?" तिथल्या मुलीने विचारलं.

"लोखंड? नवऱ्याने सोनं दिलंय मला!" माव्जुदा फणकारली.

यंत्राच्या बोगद्यात शिरताच मी थरारले. ना हात, ना दोर, तरी कुणीतरी मला ओढत होतं! केवढी ही चुंबकाची ताकद, आणि माव्जुदाला तिचा पत्ताही नाही. पण चित्रात नाकापासून डोळ्यांमागपर्यंत नुसता काळा डाग आला. तो डाग माझा होता.

"आपा, सोन्याने एवढा अंधार होत नाही. हे पोलाद आहे. काढावं लागेल," ती मुलगी म्हणाली.

"नाही काढणार! त्यांची एवढीच खूण उरलीय."

"आई, खूण राहील, पण मी दिसेनाशी होईन. चालेल तुला?" लेक गुलचेहरा म्हणाली.

माव्जुदा डोळे पुसत म्हणाली, "लबाड कुठला! पोलादावर जन्मभर मिरवायला लावलं मला."

दुसऱ्या खेपेला दातावरून उतरवलेली मी गुलचेहराच्या तळहातावर, काचेबाहेर होते. पडद्यावर मेंदूच्या वळ्या उमटल्या, डोळ्यांच्या नसा उमटल्या आणि त्यांना टेकलेली वाटाण्याएवढी गाठही. "वेळेवर सापडली. डोळे वाचतील," डॉक्टर म्हणाले. मी थक्क झाले. एवढं अद्भुत जग माझ्या शेजारी होतं आणि मीच ते झाकून बसले होते!

मित्रांनो, दातावर काय बसवलंय ते विचारून ठेवा, आणि तपासणीआधी न लाजता सांगा.

माव्जुदा बाहेर आली. डोळे वाचणार हे ऐकून ती हसली. माझ्या जागी एक झिजलेला, पिवळट दात होता. तिचं हसू मी पहिल्यांदाच समोरून पाहत होते, आणि ते माझ्यावाचूनच सुंदर होतं.