फोटोत मधे येणारा खांब

मी एक जुना खांब आहे. खांब म्हणायचे ते आपले मानाने. मूळचा मी एका होडीची मोडलेली डोलकाठी. होडी भंगारात गेली तेव्हा एका सुताराने मला उचलून आणले, तासून गुळगुळीत केले, पायाला डांबर फासले आणि गुडघ्याच्या उंचीवर तांबडा पट्टा ओढला. मग त्याने मला समुद्राच्या वाळूत रोवले. सुतार आता नाही. त्याच्या बायकोला सगळे बूटवाली मावशी म्हणतात. ती किनाऱ्यावरच्या खोपटात रबरी बूट भाड्याने देते आणि दरवर्षी माझा पट्टा स्वतःच्या हाताने रंगवते.

मित्रांनो, ओहोटीला आमचा किनारा दूरवर उघडा पडतो. ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि सूर्य मावळताना सगळे आकाश त्यात उतरते. ते पाहायला माणसे लांबून येतात. पण ती वाळू आणि किनारा यांच्या मधे एक खोलगट चर आहे. भरतीचे पाणी आधी त्या चरात शिरते, म्हणजे माणसांच्या पाठीमागून. पाणी आरशासारखे चमकत असल्यामुळे ते घोटाभर आहे की कमरेएवढे, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून मी चरात उभा. पाणी पट्ट्याला लागले की मावशी खिडकीतून पाहते, घंटा वाजवते आणि सगळे परत फिरतात.

हे काम मी चोख केले. कौतुक मात्र बेताचेच. लोक माझ्यावर ओले मोजे वाळत घालतात. कुत्री काय करतात ते सांगत नाही. फोटोंचे वेड आल्यापासून तर मी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागलो.

एके संध्याकाळी एक जावई कॅमेरा, बायको आणि गुडघेदुखीने बेजार झालेले सासरे यांना घेऊन आला. चरापलीकडे सासऱ्यांना उभे करून तो वैतागला.

"छे! हा खांब नेमका मधे मधे करतोय."

"असू द्या की जावईबापू. मीही मधेच उभा आहे," सासरे म्हणाले.

"अहो, कशाला हात लावताय त्याला?" बायको म्हणाली.

"जाताना परत लावतो ना!"

त्याने मला गदागदा हलवून उपटले आणि पलीकडे एका बाजूला, वाळूच्या कोरड्या उंचवट्यावर रोवले. फोटो झकास आला. पण तेवढ्याने त्याचे समाधान होईना. तिघे आणखी आत गेले आणि मला विसरले.

हळूहळू चर भरू लागला. मला सगळे दिसत होते, पण बोलायला माझ्याकडे एक पट्टाच, आणि तो ठणठणीत कोरडा. मावशीने खिडकीतून पाहिले आणि ती निवांत बूट धूत बसली. मला फार भीती वाटली, मित्रांनो. माझ्यावर विसंबलेली बाई माझ्याच पट्ट्याकडे पाहून फसत होती.

तिने पुन्हा मान वर केली आणि तिचा हात थांबला. पाण्यात मी नेहमी दोन दिसतो, एक सुलटा आणि एक उलटा. आज मी एकच होतो.

"अगं बाई! ह्याचा खालचा जोडीदार कुठे गेला? उपटला वाटतं मेल्यांनी!"

तिने घंटा बडवली आणि ती धावत सुटली. चरात पाणी मांडीच्या वर आले होते. सासऱ्यांचा पाय उचलेना. जावयाने कॅमेऱ्याचा स्टँड तिथेच टाकला, कॅमेरा सासऱ्यांच्या गळ्यात अडकवला आणि त्यांना पाठीवर घेतले.

"जावईबापू, हे काही बरं दिसत नाही."

"बाबा, गप्प बसा आणि घट्ट धरा!"

मावशीने समोरून येऊन बायकोचा हात धरला. चौघे किनाऱ्याला लागले, तेव्हा जावयाने सासऱ्यांना अलगद खाली उतरवले. मावशी त्याला रागावणार होती, पण त्याचा चेहरा पाहून तिने आधी पंचा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याने स्वतः खड्डा खणला आणि मला पूर्वीच्या जागी पक्के रोवले. मित्रांनो, एखादी वस्तू तुम्हाला अडचणीची वाटली, तर ती हलवण्याआधी ती तिथे का आहे, एवढे कोणाला तरी विचारा.

ते तिघे अजून येतात. सासरे काठी टेकत चरापर्यंतच येतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि जावयाला हाक मारतात.

"हं, काढा आता फोटो. आम्ही दोघंही मधेच उभे आहोत."