चित्र सात : काणी लागलेला ऊस

१९९८ साली मी सांगलीत संगणकावर छपाईचा मजकूर टाइप करायचे. अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं नवं यंत्र आणलं होतं. फ्लॉपीतला मजकूर ते थेट ब्रेलच्या ठिपक्यांत छापायचं. पहिलं पुस्तक ठरलं उसाच्या रोगांवरचं, कारण मागणारेच तसे होते: कडेगावचे नाथाजी, सुरुंगात डोळे गमावलेले फौजी. धाकटा भाऊ आकाराम कुपवाडच्या कारखान्यात कामाला.

"त्यो रान खंडानं द्याय निघालाय," नाथाजी म्हणाले. "म्हणतोय, डोळं न्हाईत, रोग पडला तर तुला कसा कळणार? ताई, मला घरात बसवू नगा."

मी झपाट्यानं टाइप केलं. छापखान्याच्या सवयीनं चित्रांखालच्या ओळी मात्र वेगळ्या, सगळ्यात शेवटी. चित्रं चिकटवताना त्या कापून लावतात ना! इथे चित्रं कोण चिकटवणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

नाथाजींची बोटं शेवटच्या पानांवर पोचली आणि ते हसत सुटले. "ही निस्ती वऱ्हाड्यांची नावं हायती. लगीन कुठं लागलंय?"

मला असा राग आला! त्यांचा, आणि त्याहून माझा. मी एकेक ओळ उचलून जिथल्या तिथे नेली. आधी 'चित्र सुरू', मग 'चित्र संपलं', म्हणजे मजकुरात गोंधळ नको. सातव्या चित्राखाली नुसतं 'काणी लागलेला ऊस' होतं. यातून कुणाला काय कळणार? फोटो बघून, पुस्तकातला मजकूर पुन्हा वाचून मी लिहिलं: 'शेंड्यातून चाबकासारखा लांब, वाकलेला काळा फोक निघतो. त्याला पानं नसतात. हात लावला की काजळीसारखी भुकटी लागते.'

नाथाजींनी ते बोटांनी वाचलं, परत वाचलं. "आवं ताई, दिसलं की वो मला!"

मी खुर्चीतून उडालेच.

पुस्तक पुरं झालं तेव्हा ते द्यायला मी स्वतः एसटीनं कडेगावला गेले. रविवार होता. आकाराम बांधावर उभा, खंडानं रान घेणारे पाहुणे यायचे होते म्हणून. नाथाजी मात्र तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या खोडव्याच्या सरीत शिरले होते, शेंडे चाचपत. एकाएकी थांबले.

"चित्र सात!" केवढ्यानं ओरडले! "आकाराम, पोतं आण. हलवू नगंस, भुकटी उडंल. पोत्यात झाकूनच उसाचं अख्खं बेट उपटायचं नि जाळायचं."

आकाराम धावला. नाथाजींचा काळा झालेला तळवा आणि तो फोक बघून जागीच थबकला. "दादा, सकाळी मी हितनंच गेलो की रं. मला तुरा वाटला."

मी बांधावर टाळ्या पिटत होते, लाज सोडून. तेवढ्यात पाहुणे आले. आकारामनं हातातलं पोतं खाली ठेवलं नाही.

"आवं पाव्हणं, च्या घ्या आन जावा," तो म्हणाला. "रान बघणारा घरातच हाय."