पुसलेली पाने

"पक्ष्याची घाण समजून पुसून टाकाल," बायको पलंगावरून म्हणाली. "आपली पोरं आहेत ती."

फवारणीवाला रुमाल हातात धरून लिंबाच्या रोपावर वाकला होता. कोवळ्या पानावर खरोखरच चिमणीने शिटल्यासारखे काहीतरी पडले होते. त्याने हलकी फुंकर घातली. ते हलले; अळी होती ती.

"रंगाने माझ्यावर गेलीत," तो म्हणाला.

ती हसली. मग ते हसू खोकल्यात गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

बाल्कनी

म्हणजे पलंगाच्या पायथ्याशी एक काचेचे दार आणि त्यापलीकडे दोन माणसे अंग चोरून उभी राहतील एवढी जागा. डॉक्टरांनी नव्या तपासण्या सुचवणे बंद केले, त्या आठवड्यात तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. फुलपाखरू अंड्यापासून उडेपर्यंत बघायचे. मध्ये काही गाळायचे नाही.

फुलांवर ती नुसती जेवायला येतात, असे तिचे म्हणणे. पोरे ठेवायला त्यांना आपले असे झाड लागते, आणि त्यावर कोवळी पालवी. म्हणून लिंबाचे रोप आले. तिच्या सांगण्यावरून तो शेंडे खुडायचा, कुंडी उन्हाकडे सरकवायचा, आणि संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, बूटही न काढता, पानांवरची धूळ पुसायचा. धुळीत कोण बाळंत होईल, असे तीच म्हणाली होती.

आणि फुलपाखरू आले. काळे, पिवळट ठिपक्यांचे. पानावर पाय आपटून खात्री करून घेई, पोट वाकवी, एक अंडे ठेवी आणि लांबच्या पानावर जाई. एका अंड्याचे दुसऱ्याला कळू नये, असे.

रुमाल

मऊ होता. कितीदा धुतला गेला होता, म्हणून मऊ. कामावर तो हाच नाकातोंडाला बांधायचा, आणि याच रुमालाने घरी पाने पुसायचा.

शाळा, हॉटेले, कचेऱ्या. ढेकूण, झुरळे, वाळवी. सगळे आयुष्य त्यात गेले होते, आणि कोणत्या औषधाने जीव कसा जातो हे त्याला नुसत्या नजरेने कळत असे. त्यामुळे पानाच्या कडेला अंग पिळवटून, तोंडातून हिरवे पाणी ओकून पडलेली अळी दिसली, तेव्हा त्याला कुणाला विचारावे लागले नाही.

अळ्या मुंग्यांनी नेल्या, असे त्याने बायकोला सांगितले. पावसाने नसेल ना, तिने विचारले. नाही, मुंग्याच, तो म्हणाला. त्याने रुमालाने पाने पुन्हा पुसली नाहीत, पण आधीची पुसलेली होतीच. फुलपाखरू परत आले, परत अंडी ठेवून गेले, आणि पुन्हा तेच झाले.

त्या संध्याकाळी तो पलंगाजवळ बसला. हात मांडीखाली दाबून.

"मुंग्या नव्हत्या," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"रुमाल."

त्यांना मूल नव्हते. दिवस जायचे, पण पोर टिकायचे नाही. त्याचे कामाचे कपडे इतकी वर्षे तिनेच हाताने धुतले होते.

"आपलंही तसंच—" तो म्हणाला.

ती काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"पानं पुसायला मीच सांगितलं होतं तुम्हाला."

काच

आता मध्ये राहणार, असे मेहुणीने ठरवून टाकले. तिने आपल्या अंगणात बी टाकून वाढवलेले रोप आणले, जुने उचलून नेले, आणि जाताना दम भरला की भावोजी, बाल्कनीत पाऊल टाकलेत तर बघा. पाणी घालायला ती स्वतः लांबून येऊ लागली.

काम सोडता येत नव्हते. घर आणि आजारपण दोन्ही त्या कामावरच चालले होते. तो घरी येई, अंग घासून घासून आंघोळ करी आणि काचेच्या आतल्या बाजूला उभा राही. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा, असे बायको बहिणीला सांगे. त्याने तिचा हात धरणेही सोडले होते. तिच्या लक्षात आले.

"मला आता काय होणार आहे?" ती म्हणाली. "द्या इकडे."

नव्या रोपावरची एक अळी जगली. चिमणीच्या शिटेसारखी होती ती हिरवीगार झाली, गुबगुबीत झाली, एका काडीला स्वतःला धाग्याने टांगून घेऊन गप्प झाली. बायकोही आता बहुतेक वेळ झोपलेली असे.

उठवा मला,

असे ती म्हणाली होती. बाहेर यायला लागलं की उठवा, झोपले असले तरी. तो हो म्हणाला होता.

कोष तसाच होता. ती गेली.

बाही

लोकरीची, मनगटाशी सैल झालेली. मेहुणीने आपल्या घरी परतण्यापूर्वी बहिणीचे सगळे कपडे धुतले होते, आणि तिचा स्वेटर घडी करून पलंगावर ठेवला होता.

सकाळी कोष काळवंडलेला दिसला. मग तो उकलला. फुलपाखरू बाहेर आले, काडीवरून घसरले आणि फरशीवर पडले. पंख ओले, चुरगळलेले. चढायला त्याला काही सापडेना. कुंडीची कड गुळगुळीत होती. लटकायला मिळाले नाही तर पंख तसेच वाळतात, हे बायकोने त्याला सांगून ठेवले होते. त्याने मेहुणीला फोन लावला. ती निघते म्हणाली. तिचे घर लांब होते.

त्याने आपले हात पाहिले. मग स्वेटरच्या बाहीत उजवा हात घातला, बोटे पार आत राहतील असा, आणि कोपराने दार सरकवले.

फुलपाखराने लोकरीवर एक पाय ठेवून पाहिला. मग चढले.

पंख भरायला वेळ लागतो. हात उंच धरून धरून खांदा बधिर झाला, पण त्याने तो खाली घेतला नाही. तेवढा तो हळूच वळला आणि रिकाम्या पलंगाकडे तोंड करून उभा राहिला, तिथून नीट दिसेल असा. दुसरा हात त्याने पाठीमागे धरला होता.