जज व्हिटलॉक यांचा काळा झगा

मित्रांनो, काचेच्या कपाटात टांगलेला हा जुना काळा रेशमी झगा म्हणजे मी. लोक मला बघून आदरानं मान तुकवतात आणि मला शिसारी येते. ज्याच्या अंगावर मी होतो, त्या माणसाची.

अमेरिका देश नवा होता, तेव्हा डेलावेर नदीकाठच्या एका बंदरात मला शिवलं. एनॉस व्हिटलॉक यांची केंद्र सरकारच्या न्यायालयात जज म्हणून नेमणूक झाली होती, तीही तहहयात. पहिल्याच वर्षी त्यांनी खलाशांना चाबकानं फोडणाऱ्या एका कप्तानाला तुरुंगात धाडलं. धक्क्यावर खलाशांनी आनंदानं टोप्या उडवल्या. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पण आपल्याला कुणी हलवू शकत नाही, हे जजसाहेबांच्या हळूहळू लक्षात आलं. मग मेजवान्या सुरू झाल्या. दक्षिणेकडचे, गुलाम राबवणारे मळेवाले त्यांना कासवाचं सूप पाजायचे आणि हे माझ्याच बाहीला तोंड पुसायचे. वकील बोलत असताना घोरायचे. ते आंबूस, तेलकट डाग माझ्या अंगावर वाळायचे.

ते डाग काढायची डॉर्कस टिल्मन, आमच्या गल्लीतली धोबीण. काळ्या वर्णाची, जन्मापासून स्वतंत्र. तिचा नवरा ओबेड लाकडी पिंपं बनवायचा. एका दुपारी कुणा मळेवाल्याच्या माणसानं तिला फरफटत कोर्टात आणलं.

"ही आमची पळालेली गुलाम," तो शपथेवर म्हणाला. त्या वेळच्या कायद्याला तेवढं पुरत होतं.

"खोटं आहे साहेब! मी इथंच जन्मले. पाद्रीबाबांच्या वहीत नोंद आहे. तासभर तरी थांबा!"

"तासाभरानं माझं जेवण गार होईल," जजसाहेब म्हणाले आणि तिला त्या माणसाच्या ताब्यात देणाऱ्या कागदावर त्यांनी सही ठोकली. माझी बाही ओल्या शाईत बरबटली.

"अहो, तुमचे कपडे धुते मी! ओळखत नाही का मला?"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

पाद्रीबाबा वही घेऊन धापा टाकत आले, तोवर तिला दक्षिणेला नेणारं गलबत सुटलं होतं. नोंद खरी निघाली.

"झालं ते झालं. कागद कायदेशीर आहे," एवढंच जजसाहेब म्हणाले.

ओबेड दक्षिणेत शोधून आला. तिला पुढं कुठंतरी विकलं होतं. डॉर्कस परत आली नाही.

त्यानंतर कोर्ट भरलं की ओबेड समोरच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. एकदा जजसाहेब खेकसले, "काय हवंय तुला?"

"काही नाही साहेब. तुमचं तोंड बघायला येतो. विसरता कामा नये ना!"

त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता.

जजसाहेबांनी आणखी सतरा वर्षं न्यायाची खुर्ची उबवली आणि सन्मानानं मेले. माझ्याखालच्या पितळी पाटीवर त्यांच्या थोरवीच्या चार ओळी आहेत. मला कसर लागू नये म्हणून दरसाल औषध मारतात.

मित्रांनो, लागू दे कसर. मला जपू नका. जपायचंच असेल, तर त्या पाटीवर नसलेलं एक नाव जपा: डॉर्कस टिल्मन.